गणू नागू घरत, हाजीर

भगवान घरतने पत्र तिसऱ्यांदा वाचले, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आपण इतका वेळ एकाच शब्दाकडे पाहत आहोत. तो शब्द होता ‘मयत’. पत्र कर्जशिष्यवृत्तीच्या कार्यालयातून आले होते आणि तंत्रनिकेतनाच्या कारकुनाने ते त्याला खिडकीतून दिले होते. मजकूर चारच ओळींचा होता. कर्जास जामीन राहिलेले श्री. गणू नागू घरत हे सन १९४२ मध्ये मयत झाल्याचे तालुका कचेरीने कळविले आहे. मयत इसमाचा अंगठा जामीनखतावर कसा उमटला, याचा खुलासा करावा. सातबाऱ्यावर नाव असलेल्या हयात इसमाचे नवे जामीनखत ३१ डिसेंबरपर्यंत न आल्यास मंजुरी रद्द होईल, आणि दिलेला हप्ता एकरकमी परत करावा लागेल.

पत्रावर तारीख एक डिसेंबरची होती. ते हाती पडले नऊ तारखेला.

गणू नागू घरत हे भगवानचे आजोबा. भगवानच्या जन्माआधी तीन वर्षे ते वारले होते.

भगवान हा पद्धतशीर मुलगा होता. यंत्रशास्त्राच्या पदविकेला प्रवेश मिळाला तेव्हा पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न त्याने रेखाटनाच्या कागदावर पट्टीने रकाने आखून सोडविला होता. डावीकडे पनवेलच्या व्यापाऱ्यांचा विद्यानिधी. पैसे लगेच, व्याज शेकडा चार, परतफेड मात्र शिक्षण संपताच, नोकरी असो वा नसो. उजवीकडे सरकारी कर्जशिष्यवृत्ती. पैसे उशिरा, व्याज नाही, परतफेड नोकरी लागल्यावर, आणि जामीन एका जमीनधारकाचा. उजवा रकाना सरस ठरला. विद्यानिधीने कर्ज मंजूर केल्याचे पत्र आले होते. त्यांना त्याने सुंदर अक्षरात आभारपूर्वक नकार कळविला.

जामीनखत भरायची वेळ आली तेव्हा त्याचे वर्ग सुरू झाले होते. म्हणून कोरा कागद त्याने घरी धाडला आणि सोबत सूचनांचे पत्र. वडिलांना वाचता येत नव्हते. ते गावच्या मास्तरांकडून वाचून घेणार, हे गृहीत धरून त्याने प्रत्येक सूचनेला क्रमांक दिला होता. त्यातली पाचवी सूचना त्याला शब्दशः पाठ होती. ‘जामीनदाराच्या रकान्यात सातबाऱ्यावर जे नाव आहे तेच लिहावे. एका अक्षराचाही फरक होऊ देऊ नये.’ तिच्याखाली त्याने दोनदा रेघ ओढली होती.

एस.टी.ने ठाण्यावरून पनवेल, आणि तेथून खाडीच्या कडेने पायी बेलपाड्याची वाट. त्या सगळ्या वाटेवर तो त्या दोन रेघांचाच विचार करीत होता.

त्याचा बाप काशिराम मिठागरात होता. पावसाळ्यात सैल झालेली भुई पायांनी तुडवून घट्ट करण्याचे काम चालू होते. मुलाला आडदिवशी पाहून तो बांधावर आला आणि पोटऱ्यांवरचा चिखल हातानेच निपटू लागला.

“काय रं? सुट्टी परली?”

“बा, जामिनाच्या कागदावर तू आबांचं नाव घातलंस?”

“तूच लिवलं होतंस ना! मास्तरानं दोनदा वाचून दाखवलं. सातबाऱ्यावरचं नाव, एक अक्षर हिकडंतिकडं नाय.” काशिरामच्या आवाजात काम चोख केल्याचे समाधान होते. “कचेरीभायेरचा तो चष्मेवाला लिवनारा हाय ना, त्यानं नाव पुकारलं, गणू नागू घरत. मी बोललो, हाजीर. अंगठा दिला. दोन रुपये घेतलंन त्यानं.”

“पन आबा तर वारले ना, बा!”

“त्ये मना ठावं नाय व्हय?” काशिराम हसला. “बावीस वर्सं चावडीवर शेतसारा भरतंय. तलाठी नाव घेतो, गणू नागू घरत, आनि मी उठतंय. पावती त्याच नावाची. आजवर एकानं तरी इचारलं का, तू कोन म्हनून?”

भगवानने पत्र उघडून वाचून दाखविले. ‘खुलासा’ या शब्दापाशी काशिरामचा हात पोटरीवर थांबला.

“म्हंजी मी लबाडी केली, असं लिवलंय?”

“लबाडी असं नाय लिवलं.”

“पन तसंच ना?”

भगवानने पत्राची घडी घातली. सूचना त्याची होती. वडिलांनी ती तंतोतंत पाळली होती.

दुसऱ्या दिवशी बापलेक चावडीवर गेले. तलाठी त्या वर्षीच नवा आला होता आणि तालुक्याला ‘मयत’ असे त्यानेच कळविले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हते.

“या, गणूबाबा,” तो काशिरामला म्हणाला. “तुमच्या गावचं हवापाणी चांगलं दिसतं. माणूस जाऊन बावीस वर्षं झाली तरी अंगठा देऊन जातो!”

भिंतीकडेचे दोघे-तिघे हसले. काशिराम हसला नाही.

भगवानने तारखांचा हिशेब विचारला. तलाठ्याने दफ्तर पुढे ओढून सांगितला. वारसनोंदीचा अर्ज आणि दोघा भावांचे जबाब, मग चावडीवर नोटीस लावायची. ती पंधरा दिवस राहिलीच पाहिजे. त्यानंतर सर्कलसाहेबांची सही. “आज अकरा तारीख. तेरापर्यंत जबाब द्या. अठ्ठावीसला नोटीस पुरी होते. सहीला मी स्वतः पनवेलला जातो, मग तर झालं? धाकटे बंधू कबूल आहेत ना?”

“आनंदा माज्या शब्दाभायेर नाय,” काशिराम म्हणाला.

आनंदा खरोखरच त्याच्या शब्दाबाहेर नव्हता, आणि त्याचे कारणही तेच नाव होते. गणूबाबा गेले तेव्हा आनंदा चौदा वर्षांचा. दहाव्याच्या दिवशी खाडीच्या पाण्यात उभे राहून दोघा भावांनी शब्द दिला होता की, जमिनीवरचे बापाचे नाव काढायचे नाही. नाव आहे तोवर जमीन एक आणि चूलही एक. गावात भाऊबंदकीने घरे फुटली, बांधाला बांध लागले; घरतांच्या घरी मात्र बावीस वर्षे एकाच तव्यावरची भाकरी सगळे खात होते.

आनंदाने सगळे ऐकून घेतले. मग त्याने शांतपणे विचारले, “मंग नाव कोनाचं लागंल, दादा?”

भगवानने समजावले. “काका, एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हनून बाचं लागंल. जमीन तशीच एक राहील.”

“म्हंजी एकट्या दादाचं.”

“नुसतं कागदावर, काका.”

“आबांचं बी नुसतं कागदावरच होतं, पोरा.” आनंदा उठून उभा राहिला. “त्याच कागदाच्या नावावर आमी बावीस वर्सं एका चुलीचं खाल्लं. तू पट्टी घेऊन रेघा मारतोस, तुला ह्ये नाय कलायचं.”

तो चिडला नव्हता. त्याला लागले होते. तेव्हापासून तो मिठागरावरून परस्पर खाडीकडे जाऊ लागला, जेवायला सगळ्यांच्या मागून येऊ लागला. त्याची बायको भामा भाकरी थापताना चंद्रावतीला म्हणाली, “वयनी, पोर तुमचा शिकतो, तो आमचाच हाय. पन आमच्या दोन पोरींच्या बापाचं नाव त्या कागदावर कुठंच नाय आलं, तर उद्या त्यांना कोन ओलखंल?” चंद्रावतीने, म्हणजे भगवानच्या आईने, पिठाची परात तिच्यापुढे सरकविली; तिच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते.

तेरा तारीख गेली. चौदा, पंधराही गेली. भगवानने एकतीसपर्यंतचा हिशेब मनात बांधून ठेवला होता, तो दोराच्या गाठी सुटाव्यात तसा एकेक दिवस सुटत गेला. सोळाला तो पनवेलला विद्यानिधीच्या चिटणिसांकडे गेला. चिटणीस पेढीवर बसून सुपारी कातरीत होते.

“तुमची जागा आपटा गावच्या एका मुलाला दिली,” ते म्हणाले. “आणि घरत, तुमचं नकाराचं पत्र आम्ही जपून ठेवलंय बरं का. नकार कसा लिहावा, हे मुलांना दाखवायला उपयोगी पडतं.”

परत येताना त्याने खुलाशाचा मसुदा मनात तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. ‘माझे वडील खोटे बोलले नाहीत’ हे सरकारी भाषेत कसे लिहायचे, ते त्याला सुचेना.

एकोणीस तारखेला दुपारी आनंदा आपण होऊन ओसरीवर येऊन बसला. काशिराम विडी पीत होता. भगवान खांबाला टेकून होता.

“दादा, मी अंगठा देतंय,” आनंदा म्हणाला. “पोराचं वर्स बुडवून मना पाप नाय घ्यायचं. पन नाव निघालं म्हंजी आबांचा शब्द बी निघाला. मंग दोघांची नावं लावू, निम्मं निम्मं. आनि चूल बी येगली. भामानं दगड आनून ठेवलेत.”

काशिरामची विडी विझली.

“निम्म्यावर जामीन व्हतो?” त्याने मुलाला विचारले.

“व्हतो,” भगवान म्हणाला.

ते खरे होते. अर्ध्या जमिनीची किंमतही जामिनाला पुरेशी होती. ते त्याने पूर्वीच पाहिले होते. परंतु एकोणीस अधिक पंधरा हा हिशेबही त्याच्या मनात त्याच क्षणी झाला. जानेवारीची तीन तारीख. त्यापुढे सही. मुदत एकतीस डिसेंबरची. आता दोन्ही भावांनी दहाही बोटांचे ठसे उमटविले असते, तरी ते दिवस भरून येणार नव्हते.

हे त्याने त्या ओसरीवर सांगायला हवे होते. ‘काका, आता उपयोग नाही, राहू द्या आबांचं नाव.’ वाक्य एवढेच होते. तोंडापर्यंत आलेही. पण कार्यालयाला विनंती केली तर आठ दिवसांची मुदत मिळणार नाही कशावरून, असा एक विचार मध्ये आला, आणि त्या विचाराच्या आड तो गप्प राहिला. आजवर त्याने प्रत्येक गोष्ट लिहून, क्रमांक घालून सांगितली होती. ही एकच सांगितली नाही.

“जा, आन त्या तलाठ्याचे कागद,” काशिराम म्हणाला, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

त्याच संध्याकाळी दोघांनी चावडीवर जबाब दिले. ‘आमचे वडील गणू नागू घरत हे मयत असून’ या शब्दांनी जबाबाची सुरुवात होती. तलाठ्याने ते वाचून दाखविले तेव्हा आनंदा बाहेर जाऊन उभा राहिला आणि अंगठ्यापुरता आत आला. तलाठ्याला या वेळी विनोद सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पडवीत भामाने तीन दगड मांडले. घरात दोन ठिकाणी धूर झाला. तिच्या दोघी मुली सवयीने चंद्रावतीपुढे ताटल्या घेऊन बसल्या. भामाने त्यांना हाक मारली, तेव्हा त्या ताटल्यांसह उठून गेल्या.

भगवानने मुदतवाढीचा अर्ज रजिस्टरने पाठविला. त्यात पाच मुद्दे होते, प्रत्येकाला पुरावा जोडला होता. सात जानेवारीला वारसनोंदीवर सही झाली. नवे जामीनखत त्याने स्वतः नेऊन दिले. कार्यालयातील गृहस्थांनी ते पाहिले आणि म्हणाले, “कागद उत्तम आहेत हो. एकतीसला आणले असते तर एक शब्दही बोललो नसतो. मुदतवाढीची तरतूदच नाही.”

“मिळालेल्या हप्त्याचे तीनशे साठ रुपये एकदम नाही जमायचे, साहेब.”

“हप्ते बांधून देता येतील. कोण फेडणार?”

“मी.”

“नोकरी?”

“बघतो,” भगवान म्हणाला.

पनवेलच्या एका भातगिरणीत इंजिनाला तेल देण्याचे आणि पट्टे बदलण्याचे काम त्याला मिळाले. पदविकेचे एक सत्र आणि रेखाटनाची पेटी एवढे त्याच्याजवळ उरले होते. पेटी त्याने महिन्याभरात विकली. ओसरीवरच्या त्या दुपारचा हिशेब त्याने कोणालाही सांगितला नाही. वडिलांना वाटत होते, आनंदाने वेळ लावला. आनंदाला वाटत होते, आपण अंगठा दिला तरी सरकारनेच दगा दिला. दोघे भाऊ एकमेकांशी पाहुण्यासारखे बोलत, आणि भगवान दोघांच्याही पुढ्यात मान खाली घालून बसे.

मार्चमध्ये शेतसाऱ्याचा दिवस आला. गिरणीला सुट्टी होती, म्हणून भगवान वडिलांबरोबर चावडीवर गेला. आनंदा आधीच येऊन पलीकडच्या भिंतीशी बसला होता. तलाठी नावे पुकारू लागला.

“आनंदा गणू घरत.”

आनंदा उठला, पैसे मोजून दिले, पावती घेतली. दादाकडे न बघता बाहेर पडला, आणि पायरीवर थांबला.

“काशिराम गणू घरत.”

काशिराम गुडघ्यांवर हात ठेवून बसून होता.

“काशिराम गणू घरत! आहेत का?”

“बा,” भगवान हळूच म्हणाला, “तुला बोलावतायत.”

“मना नाय,” काशिराम म्हणाला. “आबांचं नाव अजून नाय पुकारलं.”

भगवानने वडिलांच्या कनवटीची पुरचुंडी सोडून घेतली, उठून पैसे भरले आणि पावती घडी करून खिशात ठेवली. तलाठी पुढच्या नावाकडे वळला होता. पायरीवर आनंदा अजून उभा होता. काशिराम जागचा हलला नाही. यादी संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला.