कपाटात गाणाऱ्या बाईंचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. सभेत भाषणं ठोकणाऱ्यांच्या हातात मिरवणारा मी नव्हे. कारखान्यात जन्मलो खरा, पण माझं आयुष्य गेलं ते कपड्यांच्या कपाटात.

मला विकत घेतलं एका गाणी रचणाऱ्या बाईंनी. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. त्यांच्या खोलीच्या भिंती उघड्याबोडक्या, त्यामुळे आवाज घुमायचा. म्हणून त्या मला कपाटात कोटांच्या मधोमध टांगायच्या, डोक्यावरून रजई घ्यायच्या आणि गायच्या. पाहुणे आले की बायकोला कपाटातून बाहेर काढावं लागतं, असं त्यांचा नवरा सगळ्यांना सांगायचा. रजईत त्या घामाघूम व्हायच्या, पण मनासारखी ओळ जमेपर्यंत हटायच्या नाहीत. ओळ जमली की मलाच सगळ्यात आधी कळायचं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

एकदा त्यांची लेक तापाने फणफणली होती. तिच्या उशाशी बसून बाईंनी एक गाणं रचलं. पुढे एका गायकाने ते गायलं, कंपनीने ते फोनवरच्या ॲपवर चढवलं आणि बघता बघता ते ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. मला छाती असती तर ती नक्की फुगली असती.

मग त्याचे पैसे आले. बाईंनी फोन पुन्हा पुन्हा पाहिला. काहीतरी चुकलं असेल म्हणून त्यांनी गायकाला विचारलं, तर त्याचीही तीच रड. ऐकणाऱ्यांच्या पैशातून आधी ॲपवाले आपला वाटा कापून घेतात, मग कंपनी. गायकाच्या हातावर चिमूटभर पडतं, आणि गाणं रचणाऱ्याला चिमटीला चिकटून राहिलेलं. त्या दिवशी नवऱ्याला थट्टा सुचली नाही.

बाई धुलाईच्या कारखान्यात कामाला लागल्या. घरी येईपर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असायचा. आता कपाट उघडायचं ते फक्त कपडे काढायला. माझ्यावर धूळ साचली. मला फार एकटं वाटायचं.

एकदा लेकीने विचारलं, "आई, वर्गात सगळ्यांना तुझं गाणं येतं. मग तू कामाला का जातेस?"

"गाणं सगळ्यांचं झालं गं बाळा," बाई म्हणाल्या, "घरभाडं तेवढं आपलं राहिलं."

भाडं थकलं तेव्हा त्यांनी मला पुसलं आणि जुन्या वाद्यांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने मला तार जोडली आणि चालतो का बघायला काहीतरी म्हणायला सांगितलं. बाईंनी त्याच गाण्याच्या पहिल्या दोन ओळी म्हटल्या. तिसरी ओळ दुकानदारानेच उचलली.

"माझ्या बायकोचं फार आवडतं गाणं," तो म्हणाला. "छान म्हणता हो तुम्ही. स्वतःचं काहीतरी करून बघा की."

"केलं होतं," बाई म्हणाल्या. पैसे घेऊन त्या निघून गेल्या.

मित्रांनो, या दुकानात माझ्यावर पुन्हा साचलेली धूळ पुसा, असं मी म्हणत नाही. पण गाणं आवडलं तर ते कोणी रचलं हे जरूर शोधा, आणि रचणाऱ्याच्या वाट्याला काय आलं, हे पैसे वाटून घेणाऱ्यांना विचारत राहा. बाईंची कितीतरी अर्धवट गाणी मी ऐकली आहेत. ती पुरी झालेली आता कोणीच ऐकणार नाही.