दोनदा टकटक झाली की थांबायचं

जुनी पिकअप आहे मी, मित्रांनो. वय वर्षं एकोणीस. कागदपत्रांवर माझा रंग पांढरा लिहिलाय, आता तो कोणता म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं सांगणार आहे ते हसण्यासारखं नाही.

कारखान्यातला जन्म काही मला आठवत नाही. पहिली आठ वर्षं मी बाजारात भाजी ओढली. मग रंभाजींनी मला विकत घेतलं आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं. रंभाजी राहुरीजवळचे, मधमाश्या पाळणारे. कांद्याचं बी धरायला आपल्याकडे डोंगळे, म्हणजे फुलावर येणारे कांदे, लावतात ना, त्यांच्या फुलांवर माश्या फिरल्या तरच बी चांगलं भरतं. म्हणून शेतकरी रंभाजींना बोलावून घेतात. आज डोंगळे, पुढच्या महिन्यात सूर्यफूल, मग डाळिंब. माश्यांच्या पेट्या माझ्या पाठीवर यायच्या, पण माणसांनी राहायचं कुठं? त्यासाठी नागापूरच्या अमृत मिस्त्रींनी दोन चाकांवर पत्र्याची एक खोली बांधून दिली आणि ती माझ्या मागच्या हुकाला जोडली. आत दोन बाकडी, शेगडी आणि खिडकीला फुलाफुलांचा पडदा. रस्त्यावरची पोरं आम्हाला बघून हात हलवायची, तेव्हा मला काय मिरवल्यासारखं व्हायचं म्हणून सांगू!

त्या खोलीची मालकीण म्हणजे रंभाजींची बायको कलाबाई. माझ्या केबिनमध्ये डिझेलच्या वासानं त्यांना मळमळायचं. म्हणून त्या मागंच, खोलीतल्या पुढच्या भिंतीलगतच्या बाकड्यावर बसायच्या. ओढल्या जाणाऱ्या खोलीत माणसानं बसायचं नसतं. पोलिसांनी दोनदा बजावलं, लेकीनं शंभरदा. पण ऐकतील त्या कलाबाई कसल्या! पाण्याचा ड्रम आणि मधाचे डबे त्या आपल्या बाकड्याला खेटून ठेवायच्या. जड सामान पुढं ठेवा, असं मिस्त्रींनी सांगितलं होतं आणि ते त्यांनी एकट्यांनीच मनावर घेतलं होतं. हातातल्या पळीनं त्या भिंतीवर वाजवायच्या. एकदा टक म्हणजे चला, दोनदा म्हणजे थांबा. ते वाजणं हुकातून थेट माझ्या पाठीत यायचं. मला ते फार आवडायचं.

तीन वर्षांपूर्वी कलाबाईंना कावीळ झाली. नगरच्या दवाखान्यात त्यांना मीच नेलं. परतताना केबिनमध्ये रंभाजी आणि त्यांची लेक यशोधरा, दोघंच होते.

पुढच्या फेरीआधी रंभाजींनी ड्रम आणि डबे उचलून खोलीच्या मागच्या दाराशी नेले. पुढच्या बाकड्यावर कलाबाईंची गोधडी घडी करून ठेवली. यशोधरानं विचारलं तर म्हणाले, गाडी म्हातारी झाली, तिच्या पाठीवर उगाच भार नको. माझ्यावर एवढी माया! पण खरं कारण त्या पोरीलाही कळत होतं आणि मलाही. त्या जागेवर त्यांना काहीच ठेवायचं नव्हतं.

आणि त्याच फेरीत, राहुरीच्या पुढं रस्ता जरा मोकळा मिळाला तेव्हा, माझ्या पाठीत आवाज आला. टक टक.

मित्रांनो, मागं कुणीही नव्हतं. दाराला बाहेरून कुलूप होतं. रंभाजींनी मला रस्त्याकडेला घेतलं, कुलूप काढलं आणि आत बघत उभे राहिले. गोधडी जागच्या जागी होती.

मग ते नेहमीचंच झालं. हळू चाललं की काही नाही, वेग वाढला किंवा उतार लागला की टक टक. प्रत्येक वेळी रंभाजी थांबायचे, मागं जायचे, रिकाम्या बाकड्याशी दोन शब्द बोलून यायचे. आरशात बघावं तर खोली कधी उजवीकडून डोकवायची, कधी डावीकडून, जशी काही मागून कुणी वाकून पुढं बघतंय. माझी मागची चाकं हलकी वाटायची, कुणीतरी मला शेपटीकडून अलगद उचलतंय असं. मी भ्यायचे, खोटं कशाला बोलू? यशोधरा तर आरशात बघायचंच टाळायची. रंभाजी मात्र बरेच दिवसांनी हसायला लागले होते.

यंदाच्या माघात शेवगावकडच्या गोजरबाईंनी डोंगळ्याच्या प्लॉटसाठी बोलावलं. दिवस कलला, माश्या घरी परतल्या, पेट्यांची दारं लावून आम्ही निघालो. करंजी घाटात पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. पाठीवर माश्यांची बारीक गुणगुण चालू होती. पहिल्या वळणावर टक टक झाली. उतार वाढला तसं ते थांबेचना. टक टक, टक टक. आणि पाठीवरची गुणगुण अचानक बंद पडली.

रंभाजींचा पाय ब्रेकवर गेला. "थांबायला सांगती गं ती," ते म्हणाले. त्यांनी ब्रेक दाबला, तशी मागची खोली माझ्यावर चाल करून आली. तिनं मला ढकललं, आडवी व्हायला लागली, तिच्याबरोबर माझी शेपटीही दरीकडं सरकायला लागली. मागची चाकं जमिनीला धरेनात. रंभाजी आणखी दाबत होते. तेव्हा यशोधरा त्यांचा हात धरून म्हणाली,

"आबा, ती आई न्हाई. ब्रेक सोडा."

मग पाय उचलला गेला. यशोधरानं शेजारून स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, दुसऱ्या गियरनं मी जीव खाऊन वेग आवरला आणि मागचे हेलकावे हळूहळू कमी झाले. कठडा माझ्यापासून वीतभर लांब होता.

गोजरबाईंच्या वस्तीवर पोचलो तेव्हा त्या कंदील घेऊन सामोऱ्या आल्या. साठ वर्षं बैलगाडी भरलेली बाई. त्यांनी आधी खोलीकडं पाहिलं, मग माझ्या वर उचललेल्या शेपटीकडं, आणि म्हणाल्या, "रंभाजी, ही तर उलार हाय की! मागं वजन जास्ती, पुढं काहीच न्हाई. अशी बैलगाडी भरली तर जू मानंवरून उडतं."

यशोधरानं हुकाची कडी हातानं वर उचलली आणि सोडली. टक. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. टक. रंभाजी तिथंच खाली बसले. तीन वर्षं ते एका सैल कडीशी बोलत होते. मला तेव्हा फार वाईट वाटलं, मित्रांनो, कारण तो आवाज माझ्याच अंगातला होता आणि मलाही तो कलाबाईंचा वाटला होता.

डोंगळ्याचं काम महिनाभर चाललं. निघायच्या दिवशी यशोधरा ड्रमला हात लावायला गेली, तर रंभाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी ठेवतो." त्यांनी गोधडी उचलून काखेत धरली. मग पाण्यानं भरलेला ड्रम तसूतसूनं सरकवत त्या बाकड्याशी आणून दोरीनं बांधला, डबे शेजारी लावले. माझ्या पाठीवर भार आला. किती दिवसांनी माझी चाकं जमिनीवर घट्ट बसली!

चावी त्यांनी लेकीला दिली. गोधडी मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसायच्या आधी ते मागं गेले, खोलीच्या पुढच्या भिंतीला कान लावून थोडा वेळ उभे राहिले. आतून काहीच आलं नाही. मग त्यांनी स्वतःच बोटानं एकदा वाजवलं. टक. चला.

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांची काळजी जरूर घ्या. तेल बघा, ब्रेक बघा, मागं काही ओढायला लावाल तर हुकाच्या जोडीला साखळीही बांधा, उतारावर हळू न्या. पण मायेनं आमच्या पाठीवरचा भार काढून घेऊ नका. तो असला की आमचे पाय जमिनीवर राहतात. त्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला तेव्हाही आणि करंजी घाट चढतानाही माझ्या पाठीत एकदाही आवाज झाला नाही. वरच्या वळणावर यशोधरानं आरशात बघितलं, रंभाजींनी गोधडीवर हात ठेवला, आणि मी चढता चढता ऐकत राहिले.