उत्तरेची खिंड

हवामानाची बातमी त्या बेटावर सगळे मन लावून ऐकत, पण ज्याला जेवढी सोयीची तेवढीच. सोमवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात रेडिओवाल्या हासुगने गुआमच्या वेधशाळेकडून आलेला आठवड्याचा अंदाज वाचायला घेतला. "सोमवार ते बुधवार पूर्वेचा हलका वारा. समुद्र शांत. लाटा तीन फूट."

एवढं कानावर पडलं आणि सगळे पुरुष उठलेच. कुपा मासा आला होता, गळ तयार होते, कोण थांबतो! हासुग बिचारा रिकाम्या बाकांना पुढचं वाचून दाखवत राहिला. "गुरुवारपासून जपानकडच्या वादळामुळे उत्तरेचं उधाण. लाटा बारा फूट. शुक्रवारी सकाळी मोठी भरती. उत्तर किनाऱ्याच्या सखल भागात पाणी शिरेल."

व्हरांड्याबाहेर उभ्या असलेल्या इलेफागने मात्र ते शेवटपर्यंत ऐकलं. उत्तर किनाऱ्यावर वाळूचा उंच बांध होता, आणि होड्या ओढायला सोपं जावं म्हणून पुरुषांनी तो दहा पावलं फोडून खिंड केली होती. खिंडीच्या मागे गावातल्या बायकांची अळूची खाचरं. तिच्या आईच्या काळात एकदा खारं पाणी आत शिरलं, तेव्हा सात वर्षं त्या चिखलात अळकुडी धरली नव्हती. सात वर्षं सगळं गाव जहाजाने येणाऱ्या तांदळाकडे डोळे लावून बसलं होतं.

ती तशीच होड्यांच्या शेडकडे गेली. गावाचा मुखिया यांगेर तिचा थोरला भाऊ. भावासमोर बहिणीने कमरेत वाकूनच जायचं, तशी ती वाकून गेली.

"दादा, खिंड बुजवायला हवी. शुक्रवारी समुद्र आत येणार आहे."

"आणि होड्या कुठून काढायच्या? तुझ्या डोक्यावरून?" यांगेर म्हणाला. बाकीचे फिदीफिदी हसले.

"बारा फुटी लाटेत होडी काढणार कोण?"

"अगं, तीन दिवस मिळालेत, मासेमारी करू दे. बुधवारी बघू."

बुधवारी हे थकून येणार, माडी पिणार आणि आडवे होणार, हे इलेफागला पक्कं ठाऊक होतं.

मंगळवारी उजाडताच होड्या दोन दिवसांच्या मासेमारीला बाहेर पडल्या, आणि इलेफागने तांदळाची रिकामी पोती घेऊन खिंड गाठली. प्रवाळाचे तुकडे भरायचे, पोतं ओढायचं, रचायचं. शेजारची म्हातारी लेयाल कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मुखियाची वाट अडवतेस? शिव्या खाशील."

"खाईन की! शिव्यांनी अळू मरत नाही."

म्हातारी हसली आणि तिनेही एक पोतं उचललं. दुपारपर्यंत सोळा बायका जमल्या. हाताची सालटी निघाली, पण बुधवारी संध्याकाळी खिंडीत छातीइतका बांध उभा होता.

होड्या परतल्या. यांगेर गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडला, "इलेफाग! हे काय करून ठेवलंस?"

"खिंड बुजवली, दादा." ती वाकलेलीच होती, आवाज मात्र वाकला नव्हता. "होड्या दक्षिणेकडून वळवून न्या."

"एवढी भरलेली होडी बेटाला वळसा घालून नेऊ? हटव ते!"

"नाही हटवणार."

भावाला असं उत्तर त्या गावात कुठल्याच बहिणीने दिलं नव्हतं. यांगेर तावातावाने बांधावर चढला आणि त्याने पाय आपटला. दोन पोती घसरून खाली आली.

"हे शुक्रवारी पहिल्या लाटेला जाईल."

"मग टिकेल असं करून द्या. आम्हाला एवढंच जमलं." इलेफाग घसरलेलं पोतं पुन्हा वर चढवू लागली.

यांगेरने तिच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं. बांधामागच्या अळूच्या रुंद पानांकडे पाहिलं. मग तो मागे वळला. "मासे उतरवा. माझ्या होडीच्या बाजूचा उलांडीचा ओंडका सोडवा. होडी आणा इकडे, आडवी लावा आणि दगडांनी भरा."

कुणी हललं नाही. ती होडी कोरायला त्याला दोन वर्षं लागली होती.

"दादा, होडी नको!" इलेफाग ओरडली.

"आता गप्प बस. टिकेल असं करून द्या, तूच म्हणालीस ना?"

गुरुवारभर पुरुष दगड वाहत होते. शुक्रवारी सकाळी लाटा आल्या त्या गर्जतच. होडीची एक बाजू कडाडून फुटली, पण पोटातले दगड आणि मागची पोती जागची हलली नाहीत. पाणी वरून उडालं ते बादल्यांच्या हिशेबाने, लोंढा काही आला नाही.

ओहोटी लागली तशी इलेफाग खाचरात उतरली. तिथे पुरुष पाय ठेवत नाहीत, म्हणून यांगेर काठावर उभा होता. तिने ओंजळीत पाणी घेऊन चाखलं.

"काय?" त्याने विचारलं.

"गोड आहे, दादा."

तो मटकन खाली बसला आणि फुटक्या होडीकडे बघून लहान पोरासारखा रडू लागला. ती चिखलातून वर आली आणि त्याच्याजवळ बसली.

"माझ्या घरामागचा नीरफणस तोडा," ती म्हणाली. "सरळ वाढलाय. होडी चांगली निघेल."

"वेडी का तू? त्याच झाडावर तर तुझी पोरं जगतात."

"पोरांना अळू आहे."