पट्टेवाल्या रोपाचं दुसरं पान

रोपांचा ट्रे तळघरातून वर आणताना मी जवळजवळ प्रत्येक पायरीवर थांबत होतो. माझी बायको आर्लिस स्वयंपाकघरात वाट पाहत बसली होती. गुडघ्यांमुळे यंदाच्या हिवाळ्यात तिला तळघरात उतरता आलं नाही. त्यामुळे तिची होस्टाची रोपं माझ्या हाती आली, आणि माझं झाडांचं ज्ञान पुस्तकी. सगळा जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेला.

"सांडू नकोस."

"नाही सांडत."

"असंच म्हणून काल कॉफी सांडलीस."

होस्टा आमच्याकडे दर दुसऱ्या घराच्या सावलीला असतं. रुंद पानांचं, साधं. आर्लिसच्या होस्टाच्या हिरव्या पानांवर मात्र पांढरे ओघळ होते आणि कुठलीही दोन पानं सारखी नव्हती. ते तिनं स्वतः बियांपासून वाढवलं होतं. पण दर वसंतात त्याचे नवे कोंब अधिकाधिक हिरवे येत गेले. शेवटी एकाच कोंबावर पट्टे उरले, आणि त्याची मुळं शरदात उंदरांनी खाल्ली. त्या कोंबाच्या बिया तेवढ्या हाती लागल्या. मे महिन्यात आम्ही हे घर सोडून वृद्धांच्या वसाहतीत जाणार. एक तरी पट्टेवालं रोप बरोबर यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मला समजलं ते असं, चुकतही असेन. बीजातल्या पेशींत लवकं नावाचे इवले, बिनरंगी कण असतात. उजेड मिळाला की निरोगी कण हिरवे होतात आणि रोपाला जेवू घालतात. अधू कण उजेडातही पांढरेच राहतात. दोन्ही एकत्र असले की पट्टे. पण पेशी दुभागताना कण जसे येतील तसे वाटले जातात, आणि कधीतरी एखाद्या पेशीच्या वाट्याला एकाच जातीचे येतात. तिथून परतीची वाट नाही.

ट्रेमधली हिरवी रोपं आर्लिसनं आधीच चिमट्यानं उपटायला लावली होती. उरलेली बरीचशी मेणासारखी पांढरी होती. बीजातली शिदोरी संपेपर्यंतच ती जगणार. फक्त एकाचं पहिलं पान पट्टेदार होतं. आज त्याचं दुसरं पान उलगडलं होतं. मी ते तळघरातच पाहिलं होतं, पण माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही, म्हणून गप्प राहिलो.

तेवढ्यात डेलबर्ट क्रोग लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन आला. होस्टा क्लबचा तो अध्यक्ष.

"काय आर्लिस, व्यायला का तुझा झेब्रा?"

"आधी बस. आणि एक वडी तोंडात कोंब, म्हणजे आम्हाला शांतता."

त्यानं खिशातून भिंग काढलं आणि दुसरं पान बराच वेळ न्याहाळलं. मग माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत राहिलो.

"हिरवं," तो म्हणाला. "आतला कोंबही हिरवा. तिसऱ्या पानाची वाट बघायची तर बघ."

"मला खुळी समजतोस का? आतून हिरवा म्हणजे हिरवा."

"मग उपट. क्लबचा रिवाज तुला ठाऊक आहे."

आर्लिसनं चिमटा उचलला. रोपाच्या बुडाशी नेला आणि तसाच धरून राहिली.

"दर वसंतात चिखलात गुडघे टेकून हिरवे कोंब कापत बसले," ती म्हणाली. "हिरवा कोंब जोरानं वाढतो ना, पट्टेवाल्याला दाबून टाकतो. एक वर्ष ढिलाई केली की संपलं. थकले रे मी, मिलफर्ड."

"माहीत आहे," मी म्हणालो. मला खरंच माहीत होतं का, कोण जाणे.

तिनं चिमटा टेबलावर ठेवला.

"हे राहू दे. याला कुणी राखायला नको."

डेलबर्टनं दुसरी वडी घेतली.

"पांढरी काढ तेवढी. माझ्याच्यानं बघवत नाहीत."

मी ती एकेक करून काढली. त्यांना वजनच नव्हतं. मग हिरव्या रोपासाठी खिडकीतली छोटी कुंडी पुढे ओढली.

"ती नको," आर्लिस म्हणाली. "खोल बघून आण. हे वाढणार आहे."