बोटभर मोकळी जागा

मी एक म्हातारी मोटार बोलतेय. जन्म इटलीतला, त्यामुळे नाक थोडं वरच असतं. माझ्या अंगात दोन प्रकारच्या शिरा आहेत. काहींतून ब्रेकचं ऑइल जातं, बाकीच्यांतून वीज. पेडल दाबलं की ऑइलचा दाब वाढतो, त्या दाबानं एक बटण दबतं आणि मागचा लाल दिवा लागतो. चावी काढलेली असली तरी लागतो. इतकं सोपं आहे. म्हणूनच बहुधा कुणाला कळत नाही.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. रविवारी मला पुसायचा आणि सोमवारी विसरायचा. असा मालक मिळायला भाग्य लागतं. पुढे त्यानं मला एका निवृत्त हेडमास्तरांना विकलं आणि उतारवयात माझी शाळा सुरू झाली.

सरांना ढिलेपणा खपत नाही. कड्या, चष्म्याचे स्क्रू, नळ, सगळं ते कचकचून आवळतात. त्यांची बायको, म्हणजे काकू, साखरेची बरणी उघडायला शेजारणीला हाक मारतात. एका सकाळी सरांच्या लक्षात आलं, की माझं ब्रेकचं पेडल आधी बोटभर रिकामंच खाली जातं. झालं! पाना घेऊन ते आडवे झाले आणि पेडलमागचा दांडा आवळून ते बोटभर अंतर त्यांनी मिटवून टाकलं.

"आता कशी शिस्तीत आली," असं म्हणत हात पुसले.

ते अंतर ऑइलला माघारी फिरायला ठेवलेलं होतं, हे त्यांना कोण सांगणार? हेडमास्तरांना कुणी काही सांगत नसतं. आता पाय उचलला तरी दाब उतरेना. चार किलोमीटर गेलं की ऑइल तापून फुगायचं, चाकं आपोआप आवळली जायची आणि मी भर चौकात ठिय्या मारायचे. निवले की पुन्हा निमूट चालायचे. उरलेल्या थोड्या दाबानं लाल दिवा मात्र घरी आल्यावरही जळत राहायचा आणि सकाळी बॅटरी मेलेली असायची.

वायरिंगवाला आला. त्यानं बॅटरी बदलली, मग बटण बदललं, आणि शेवटी दिव्याची वायरच काढून टाकली. "आता नाही लागणार," म्हणाला. खरंच नाही लागला. काय ती विद्या! ब्रेकवाल्यानं मी गारठलेली असताना मला घेऊन गल्लीत एक चक्कर मारली. "ब्रेक एकदम कडक आहेत, सर. तुम्ही वायरिंगचं बघा."

सर कंटाळले. एका कॉफीच्या दुकानाचा मालक मला घ्यायला तयार झाला. इंजिन काढून टाकायचं, मला मधोमध कापायचं आणि पुढचा अर्धा भाग भिंतीवर लावायचा. शनिवारी न्यायला येणार होता. मी घाबरले, हे सरळच सांगते. काकूही घाबरल्या. त्रेपन्नाव्या वर्षी त्या माझ्यावर गाडी शिकल्या. दर गुरुवारी कुणाला न विचारता बहिणीकडे जाता येतं, ते माझ्यामुळे. मी भिंतीवर गेले की काकू घरात.

त्या गुरुवारी त्यांनी मला शेवटचं म्हणून बाहेर काढलं. अर्ध्या वाटेत मी अडले. काकूंनी कुणाला फोन केला नाही. पेडलवर पाय ठेवून बसून राहिल्या. मी निवल्यावर घरी आल्या आणि चपला न काढताच म्हणाल्या, "अहो, पेडल पूर्वी आधी थोडं रिकामं जायचं. आता जातच नाही."

"सैल होतं. मी आवळलं."

"कधी?"

सरांना तारखा पाठ असतात. त्यांनी तारीख सांगितली आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक झाला. पहिली बॅटरी त्याच आठवड्यात गेली होती.

"मग तेवढं सोडा परत."

"अगं, ब्रेक सैल ठेवायचा?"

"सोडा हो. सगळंच आवळून चालत नाही. तुमच्याबरोबर संसार करून एवढं तरी कळलंय मला."

सर बराच वेळ पेपर वाचत बसले. पान काही उलटलं नाही. मग पाना घेऊन माझ्याखाली शिरले. पान्याचे दोन फेरे, आणि माझी चारही चाकं मोकळी झाली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! काकूंनी दिव्याची वायरही त्यांनाच जोडायला लावली, त्यांना पेडल दाबायला बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"लागला?"

"लागला."

"आता?"

"गेला."

शनिवारी कॉफीवाला आला. "दोष सापडला, गाडी विकायची नाही," सरांनी सांगितलं. "फार किचकट दोष होता." कुणाचा, ते सांगितलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. ज्याच्या दारात उभं राहायचं, त्याची लाज राखावी.

तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर एवढंच मागणं आहे: पाना हातात घेण्याआधी, ती जागा मोकळी का ठेवलीय तेवढं विचारा.

हल्ली गुरुवारी सरही बरोबर येतात. काकू गाडी चालवतात, ते शेजारी बसतात. प्रत्येक वळणावर उजवा पाय जीव खाऊन खाली दाबतात. तिथे पेडल नाही, नुसता पत्रा आहे. पण काकूंनी ब्रेक लावला आणि मी वेळेवर थांबले, की सर पाय सैल सोडतात आणि आपणच गाडी थांबवल्यासारखे काकूंकडे बघतात.