समोरच्या कड्यावरचं कोकरू

डब्याचं झाकण टण्णकन खडकावर पडलं आणि तासाभराची शांतता फुटली.

प्रीताने जीभ चावली. सियाने दशमी मागितली होती, तीही नुसत्या खुणेने; घट्ट बसलेलं झाकण ओढताना सटकलं ते प्रीताच्याच हातून.

"मेंढ्यांच्या मागावर स्टीलचा डबा घेऊन निघणारे आपणच," दुर्बिणीवरचे डोळे न काढता दिगंबरकाका पुटपुटले.

काका टेक्सासातल्याच शुगर लँड गावचे, प्रीताचे शेजारी. रिटायर झाल्यापासून दर मे महिन्यात पश्चिम टेक्सासच्या या बोडक्या डोंगरांत रानमेंढ्यांचा माग काढायला व्हॉलंटिअर म्हणून येत. यंदा या मायलेकी हट्टाने सोबत आल्या होत्या. पहाटेपासून तिघं चालत इथवर आली होती. काकांनी सियाला मातीतला दुभंगलेल्या खुराचा ठसा दाखवला. लेंडी बोटांत चुरून, "ओली आहे, म्हणजे आजचीच," म्हणाले. मेंढीने बसायला उकरलेल्या खळग्यात सिया स्वतः मुटकुळं करून बसली.

"इट्स सो स्मॉल, आजोबा!"

"अगं, दोघं झोपतात त्यात."

मग चढावर, दम खात, त्यांनी प्रीताला सांगितलं होतं. गेली दोन वर्षं या कळपातलं एकही कोकरू जगलं नव्हतं. न्यूमोनिया. यंदा एक जरी खोकताना ऐकू आलं, तर तो अजून गेलेला नाही असं समजायचं.

आणि आता घळीपलीकडे, झाकणाच्या आवाजाने, एक दगड उठून उभा राहिला. मेंढी. तिच्या पोटाखालून कोकरू निघालं. दोघं कड्यावरून सरळ वर उधळली.

"पळतंय बघ! कसं टणाटण पळतंय!" काकांचा आवाज फुटला. "झाकण पडलं तेच बरं झालं, प्रीता."

वरच्या कपारीत दोघं थांबली. कोकराने मान पुढे ताणली, बरगड्या हलल्या, आणि घळ ओलांडून एक बारीक, कोरडा आवाज आला. मग पुन्हा एकदा. घरी सियाच्या खोलीतून असा आवाज आला की प्रीता झोपेतून उठून बसते. सियाने तिचा हात धरला.

काकांनी मात्र नोंदीचा कागद मांडीवर घेतला होता. कानातलं मशीन वाऱ्यात शिट्ट्या मारतं म्हणून ते खिशातच होतं.

"कोकरू, एक. खोकला, नाही. बरोबर ना गं?"

ते हसत होते. प्रीताने त्यांच्या पेन्सिलीकडे पाहिलं.

"काका, थांबा," ती त्यांच्या कानाशी वाकली. "खोकलं. दोनदा."

पेन्सिल थांबली. काकांनी खिशातून मशीन काढून कानात बसवलं आणि दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.

पलीकडे मेंढी कोकराचं तोंड हुंगत होती.

"आई," सियाने हळूच विचारलं, "तिला कळलं असेल?"