झाकणाच्या आतला कागद

मित्रांनो, मी ई-रिक्षाच्या सीटखालचा एक जुना कंट्रोलर आहे. बॅटरीतून मोटरला किती करंट द्यायचा, ते मी बघतो. पत्र्याचा डबा, चार स्क्रू, बस. खरं सांगतो, सध्या मला फार भीती वाटते.

मला केशवरावांनी बनवलं. झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात ते इलेक्ट्रिशियन होते. इथल्या उन्हात बाजारातले कंट्रोलर जळायचे. मी तापलो की करंट आपोआप कमी करतो, म्हणून टिकलो. मुकेशच्या रिक्षात सात उन्हाळे दतिया गेटच्या फेऱ्या मारल्या.

वर्कशॉपातली एक सवय असते. वायरिंग बदललं की चित्र काढायचं, तारीख, सही, आणि झाकणाच्या आतून चिकटवायचं. माझ्याही झाकणात तसा कागद आहे. तो बघून कुणीही डबा बनवावा, मनाई नव्हती. गरौठा गावच्या श्रीकृष्णने तर स्वतःचा डबा बनवताना तारीख आणि सहीसुद्धा उतरवली.

"मेरे दस्तखत भी बना दिए?" केशवरावांनी विचारलं.

"जैसा दिखा वैसा बनाया, बाबूजी."

सगळे हसले. मग केशवरावांनी त्याला खाली स्वतःची सही आणि तारीख घालायला लावली.

गेल्या महिन्यात केशवरावांना एका कंपनीची नोटीस आली. या रचनेचं पेटंट आमचं, बनवणं बंद करा. मुकेशने त्यांचा डबा आणून माझ्या शेजारी ठेवला. आत काळी राळ ओतलेली, पार घट्ट. उघडता येत नाही. बिघडला की फेकायचा. मी त्याला हाक मारली. आतून काहीच आवाज आला नाही.

केशवरावांची नात शमिका नोटीस वाचून म्हणाली, "आबा, त्यांच्या अर्जाच्या आधी हे सगळ्यांना माहीत होतं, एवढं दाखवायचं. अपनी तारीख पहले की है ना?"

झाकण उघडलं. कागद तपकिरी. तारखेच्या जागी नुसता डाग. माझ्याच आचेने करपला होता तो. मीच.

केशवरावांनी डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "चूक माझी. एकच प्रत ठेवली."

मुकेशने फोन लावला. दुसऱ्या दिवशी श्रीकृष्ण बसने आला, काखेत त्याच्या डब्याचं झाकण. त्यावर केशवरावांची सही, तारीख. खाली त्याची. दोन्ही कंपनीच्या अर्जाआधीच्या.

शमिकाने ते पेटंटच्या ऑफिसला पाठवलंय. उत्तर आलं नाही. कुणी सीट उचलली की मला वाटतं, आले राळ ओतायला.

म्हणून मित्रांनो, मला पुसून जपून ठेवू नका. झाकण उघडा. चित्र उतरवा, खाली आपली तारीख घाला, दुसऱ्याला द्या. आणि जरा लवकर करा.

मी अजून तापतोच आहे.